परवानगी उद्या सकाळी नऊची

तार आमच्या गावी, रोहण्याला आली तेव्हा मी वावरात कापूस वेचत होतो. रजेचे अकरा दिवस शिल्लक होते. तारेत एवढंच होतं: रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. साल १९५६. दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

मी शिवराम उईके, पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमध्ये वायरलेस ऑपरेटर. घरात गोंडी, गावात वऱ्हाडी, बरॅकीत हिंदुस्थानी आणि कानाला हेडफोन लावला की इंग्रजी, अशा चार बोलींत माझी नोकरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलगाव स्टेशनवर पोचलो, तर फलाटावर आमच्याच पलटणीचा एक नाईक लोखंडी पेटीवर बसलेला दिसला. चेहरा ओळखीचा होता. बी कंपनीचा मोतीराम थूल. तो शेजारच्याच नाचणगावचा हे मात्र मला त्या दिवशी कळलं. त्याला पोचवायला त्याचे वडील सोनबा आणि बायको पंचफुला चालत आले होते. तिघांनी महिन्याभरापूर्वीच नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पंचफुलाच्या अंगावर तेव्हाचंच पांढरं लुगडं होतं.

गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर चार पावलं चालली. म्हणाली, "पोचल्याबरोबर पत्र धाडजो."

"धाडतो. तू वाचशीन कशी?"

"मास्तरकडून वाचून घेईन. तू धाड तं खरं."

पलटणीत गेल्यावर समजलं. भूमध्य समुद्राकाठी दोन देशांत लढाई झाली होती आणि जगातल्या देशांच्या संघटनेनं ती थांबवली होती. आता दोघांच्या मधोमध उभं राहायला फौज हवी होती. ती निरनिराळ्या देशांनी मिळून द्यायची होती. आमची पलटण त्यात निवडली गेली. त्या दोन देशांची नावं मी इथं लिहीत नाही. नावं घेतली की ऐकणारे लगेच कुठली तरी बाजू घेतात आणि मोतीराम बाजूला राहून जातो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

सीओ साहेबांनी निघण्यापूर्वी सगळ्यांना मैदानात बसवून सांगितलं. हातात रायफल असेल, पण समोर दुश्मन नसेल. कोणी अंगावर आल्याशिवाय गोळी झाडायची नाही. तुम्ही कोणाच्याच बाजूचे नाही. मग आम्हाला निळ्या टोप्या दिल्या. काही जवान हसले. मोतीराम हसला नाही. जहाजावर एकदा मला म्हणाला, "शिवराम, आजवर फौज निंगाली का ती कोनाच्या तरी राज्यासाठी निंगाली. हे पयली फौज हाय, जे लढाई होऊ नये म्हनून निंगाली. हे लहान गोष्ट नोय."

त्याचा त्या संघटनेवर विश्वास होता. माझा राग समजायचा असेल तर ही गोष्ट आधी समजून घ्या. ज्याचा विश्वास नव्हता त्याचं तिथं काही गेलं नाही.

आमची पोस्ट सात नंबरची. वाळूच्या टेकाडावर तंबू, वाळूच्या पोत्यांची भिंत, निळा झेंडा. दहा माणसं. कमांडर जमादार शिंदे, साताऱ्याकडचे. जमादार म्हणजे आज ज्यांना नायब सुभेदार म्हणतात ते. मोतीराम सेक्शनचा नाईक. मी वायरलेसवर. समोर शंभर पावलांवर एक लांबच लांब चर खणलेला होता. तीच हद्द. चराच्या पलीकडे पट्टा दुसऱ्या देशाचा, आणि त्या पट्ट्यात सुरुंग पेरलेले. मागं हटताना त्या देशाच्या फौजेनं सुरुंग तसेच ठेवले आणि नकाशा दिला नाही. संघटनेनं नकाशा मागितला होता. आम्ही होतो तोवर तरी तो आला नाही.

रोजचं काम ठरलेलं. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन मोर्चात तयार. सहाला चराच्या काठानं गस्त. आठ वाजता मी बटालियनला 'ऑल क्वाएट' कळवायचो. पाणी टँकरनं यायचं, माणशी दोन बाटल्या. मोतीराम संध्याकाळी कंदिलाखाली पत्र लिहायचा आणि वाळूत माझ्यासाठी नाचणगावचा नकाशा काढायचा. इथं शाळा, इथं कडुनिंब, इथं आमचं घर.

चराच्या अलीकडची माणसं शेतकरी होती. त्यांची अर्धी शेतं चराच्या पलीकडे राहिली होती. रेषा आखणाऱ्यांनी पीक कोणाचं हे विचारलं नव्हतं. उन्हाळ्यात जव पिकला तशा बाया पहाटे चर ओलांडून कापणीला जायला लागल्या. आम्ही अडवायचो, हातवारे करून सुरुंग समजावून सांगायचो. त्या मान डोलवायच्या आणि दुसरीकडून जायच्या.

तो दिवस मला मिनिटांनी पाठ आहे. कसा, ते पुढं सांगतो.

सकाळी ८.४० ला स्फोट झाला. धूर खाली बसल्यावर दिसलं, चराच्या पलीकडे साठेक यार्डांवर जवात एक बाई पडली होती. वय चाळिशीचं असेल. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. तिनं डोक्यावरचं फडकं काढून स्वतःच मांडीला बांधलं. आम्ही दुर्बिणीतून बघत होतो. मग ती ओरडायला लागली. तिच्या बोलीतला एकच शब्द आम्हाला ठाऊक होता. मोया, म्हणजे पाणी.

८.४४ ला मी मेसेज दिला. बाई जखमी, चराच्या पलीकडे, सुरुंगाच्या पट्ट्यात, आत जायची परवानगी हवी, डिटेक्टर घेऊन पायोनियर पाठवा. बटालियननं तो वर फोर्स हेडक्वार्टरला दिला. सुरुंग काढणारी आमची पायोनियर पार्टी तीन मैलांवर होती. त्यांनी ट्रकमध्ये सामान चढवलं, इंजिन चालू केलं आणि ती बसून राहिली. कारण चर ओलांडायचा तर दोन्ही देशांची मंजुरी लागत होती, आणि ती फक्त हेडक्वार्टर मागू शकत होतं.

९.१० ला उत्तर आलं. "सेव्हन, वेट. आऊट."

९.३५ ला मी पुन्हा विचारलं. "वेट."

१०.०५ ला वरून प्रश्न आला. बाई रेषेच्या नक्की कोणत्या बाजूला आहे, किती यार्ड? जमादार साहेबांनी अंतर सांगितलं.

१०.४० ला दुसरा प्रश्न. बाईचं राष्ट्रीयत्व कोणतं?

मी हेडफोन काढून जमादार साहेबांना हे मराठीत सांगितलं. त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली. म्हणाले, "सांग त्यांना, तिचा पाय तुटलाय."

मी तसंच कळवलं. हेडक्वार्टरमधल्या एका परदेशी मेजरचा आवाज आला, शांत आणि सभ्य. "सेव्हन, तुमची अडचण आम्ही समजतो. वेट. आऊट."

पलीकडच्या टेकडीवर त्या देशाचे चार शिपाई बसले होते. त्यांच्याकडेही दुर्बीण होती. आम्ही त्यांच्याकडे आणि ते आमच्याकडे बघत होते. मध्ये ती बाई. ऊन चढत होतं. हाकेतला जोर कमी होत गेला. साडेदहापर्यंत ती ओरडत होती, अकरानंतर नुसती कण्हत होती.

११.२० ला आलं: दोन्ही पक्षांशी संपर्क साधला जात आहे. ११.४५ ला आलं: संबंधित निरीक्षक एक वाजेपर्यंत बैठकीत आहेत, त्यानंतर कळवू.

मोतीराम तंबूच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. प्रत्येक मेसेज मी त्याला सांगत होतो. हा मेसेज सांगितला तसा तो उठला.

"शिवराम, त्याइनं नाई म्हटलं का?"

"नाई म्हटलं नाई. थांबा म्हटलं."

"सकाळपासून एकदाबी नाई म्हटलं नाई?"

"नाई."

"मंग मी जातो."

त्यानं निळी टोपी घट्ट केली, रायफल माझ्या टेबलाला टेकवली, संगीन काढून हातात घेतली. दोन पाण्याच्या बाटल्या, फील्ड ड्रेसिंग, आणि स्वतःचा टॉवेल फाडून केलेल्या पट्ट्या. जमादार साहेब आडवे आले. "थूल, हुकूम नाही."

"साहेब, जाऊ नको असा हुकूम हाये का?"

जमादार साहेब वाटेतून बाजूला झाले. ते 'हो' म्हणाले असते तर मोतीराम थांबला असता. तो शिस्तीचा माणूस होता. पण ते बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही.

११.५० ला त्यानं चर ओलांडला. पोटावर पडून, संगीन तिरकी धरून, चार चार बोटांवर जमीन टोचत पुढं सरकायचं. टोक कशाला अडलं की थांबायचं, बाजूनं वाट काढायची, मोकळ्या वाटेच्या कडेला पट्टी ठेवून त्यावर खडा ठेवायचा. पाच सुरुंग त्यानं टाळले. आम्ही मोजले. टेकडीवरच्या चौघांपैकी एकानं रायफल उचलली, मग खाली ठेवली. ते काही करत नव्हते. आम्हीही काही करत नव्हतो.

१.०० वाजता तो तिच्याजवळ पोचला. आधी पाणी दिलं. मग ड्रेसिंग बांधलं. मग तिला पाठीवर घेतलं आणि पट्ट्यांच्या आतून एकेक पाऊल टाकत परत निघाला. १.३८ ला तो चरापासून पाच पावलांवर होता. जमादार साहेब चर ओलांडून त्याच वाटेनं पुढं गेले आणि हात पसरले. मोतीरामनं बाईला पाठीवरून त्यांच्या हातांत सोडलं. ओझं उतरताना त्याचा तोल गेला आणि उजवी टाच पट्टीच्या बाहेर पडली. एक वीत, जास्त नाही.

१.४० ला तो सुरुंग उडाला.

जमादार साहेबांचा एक डोळा गेला. बाईला खरचटलंही नाही, कारण साहेब तिच्यावर पडले होते. मोतीरामला आम्ही ओढून अलीकडे आणलं. कमरेखाली काही राहिलं नव्हतं. त्याला शुद्ध होती. म्हणाला, "जित्ती हाये का?"

मी म्हटलं, "हाये."

त्यानं मान हलवली. २.०५ ला गेला.

२.२० ला वायरलेस वाजला. तोच शांत आवाज. "सेव्हन, आनंदाची बातमी आहे. दोन्ही पक्षांनी तत्त्वतः मान्यता दिली आहे. निरीक्षकांच्या उपस्थितीत उद्या सकाळी नऊ वाजता प्रवेश करता येईल. मिळालं का? ओव्हर."

मी म्हटलं, "रॉजर." माझ्या हाताला मोतीरामचं रक्त होतं आणि मी रॉजर म्हटलं. ट्रेनिंगच तसं असतं.

त्याची चिता दुसऱ्या दिवशी समुद्राकाठी रचली. लाकूड मिळेना, रेशनच्या पेट्यांच्या फळ्या वापरल्या. कागदावर त्याचा धर्म अजून जुनाच होता. बदलायचा अर्ज त्यानं दिला होता, तो कुठल्या तरी मेजावर थांबला होता. बौद्ध रीतीनंच व्हावं म्हणून मी अडून बसलो. शेवटी आमच्या लंगरातल्या नागपूरच्या एका स्वयंपाक्यानं त्रिशरण म्हटलं आणि मग अग्नी दिला.

आठ दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. तीन अधिकारी, दोन परदेशी. माझी लॉगबुक, मेसेजच्या नोंदींची वही, आधीच मागून घेतली होती. मला एकच प्रश्न विचारला.

"नाईक थूल यांनी चर ओलांडला तेव्हा परवानगी मिळालेली होती का? हो किंवा नाही."

"नाही सर. पण सर, आम्ही सकाळी आठ चव्वेचाळीसपासून..."

"थँक यू. दॅट इज ऑल."

लॉगबुक मला परत मिळाली तेव्हा त्या दिवसाचं पान नव्हतं. 'रेकॉर्डसाठी' घेतलं म्हणाले. त्या संध्याकाळी मी सगळ्या वेळा आठवून सिगारेटच्या पाकिटावर लिहिल्या आणि पाठ केल्या. तेव्हापासून त्या पाठ आहेत.

मी १९५८ साली परतलो. पुलगावला उतरून घरी न जाता आधी नाचणगावला गेलो. सोनबा ओसरीत बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी रडणं-बिडणं केलं नाही. म्हणाले, "बापू, एक सांग. कोन्या दुश्मनानं मारलं माह्या पोराले?"

"बाबा, तिथं दुश्मन नव्हता."

"फौजेत गेलता नं तो? लढाईवर गेलता नं?"

"लढाई थांबली होती बाबा."

"मंग मारलं कोनं?"

सुरुंग पेरणाऱ्यानं त्याला पाहिलं नव्हतं. टेकडीवरच्यांनी गोळी झाडली नव्हती. हेडक्वार्टरनं नाही म्हटलं नव्हतं. मेजर सभ्य होता. एवढी सगळी माणसं त्यात होती आणि मारणारा कोणीच नव्हता. म्हातारा उठून आत गेला.

पंचफुला एक कागद घेऊन बाहेर आली. "भाऊ, हे वाच. कचेरीतून दुसऱ्यांदा आलं. अंगठा दे म्हनते, मंग मेडल भेटते."

मराठीत उतरवलेला मजकूर होता. 'सदर इसमाने परवानगीशिवाय प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश केल्याने अपघाती मृत्यू. याबद्दल कोणत्याही पक्षास जबाबदार धरता येत नाही. वरील मजकूर मान्य.' खाली अंगठ्यासाठी चौकोन.

मी तो वाचला. मग खिशातलं ते सिगारेटचं पाकीट काढून वेळा वाचल्या. ती उभ्यानं ऐकत होती. ११.४५ ची बैठक आली तेव्हा म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"अंगठा नाई देत मी," ती म्हणाली. "पन भाऊ, मास्तरनं हा कागद वाचला तं त्यानं सांगतलं, बहादुरीचं मेडल हाये, दे अंगठा. तू वाचला तं वेगळंच निंगालं. आता मले कोनाचं वाचनं नाई पायजे."

ती साक्षरतेच्या वर्गाला जायला लागली. दिवसभर मजुरी, संध्याकाळी पाटी. मी महिन्यातून एकदा रोहण्याहून सायकलनं जायचो. मी पाहत होतो, बोटानं अक्षरं ओढत ती जोडाक्षरांपर्यंत आली. गावातल्या दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाईला समजावा, मेडल घरात आलं तर गावाची शोभा आहे. मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

१९५९ साली तिसऱ्यांदा कागद आला. तो तिनं स्वतः वाचला. 'प्रतिबंधित' वर अडली. मी अर्थ सांगितला. मग तिनं टाक मागितला आणि अंगठ्याच्या चौकोनात मावेना म्हणून कागदाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'माझा नवरा परवानगीशिवाय गेला हे खरे आहे. परवानगी का नव्हती ते लिहा. मग सही करते. पंचफुला मोतीराम थूल.'

तो कागद आम्ही दोघांनी मिळून पुलगावच्या पोस्टातून रजिस्टरनं धाडला. उत्तर आलं नाही. मेडलही आलं नाही. चौथा कागदही आला नाही. तिला त्याचं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

आर्वीच्या शाळेत मला एकदा बोलावलं होतं. विषय होता 'जागतिक शांततेत आंतरराष्ट्रीय संघटनांचे स्थान'. मी वर्षभर तिथं होतो आणि त्या वर्षात त्या रेषेवर लढाई झाली नाही, हे मी आधी सांगितलं. ते खरं आहे, आणि लहान नाही. मग मी वेळा वाचल्या. हेडमास्तर अस्वस्थ झाले. म्हणाले, एवढ्या मोठ्या कामात एखादी दिरंगाई होणारच. मी म्हटलं, सर, दिरंगाई नव्हती ती. मोठ्या देशांनी संघटनेला तेवढंच बळ दिलं होतं, जेवढ्यानं कोणाचंच काही अडणार नाही. थांबा म्हणायचा अधिकार खालपर्यंत प्रत्येकाला होता. जा म्हणायचा अधिकार कोणालाच नव्हता. आणि असं यंत्र उभं करून त्याच्या पुढच्या टोकाला ज्यांना ठेवलं, ते नाचणगावचे, साताऱ्याचे. निळ्या टोपीच्या नावानं शपथ घेणारे. कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मला पुन्हा बोलावलं नाही.

आणखी एक राग आहे, तो दुसऱ्या कोणावर नाही. ११.४५ चा मेसेज मिळाल्यावर मी हेडफोनमध्ये ओरडू शकलो असतो. पायोनियरच्या ट्रकला सरळ सांगू शकलो असतो, परवानगी आली, या. बटालियनचं आणि ट्रकचं, दोघांचं बोलणं माझ्याच कानावर होतं, खरं-खोटं कोणाला कळलं नसतं. डिटेक्टर असता तर वाट रुंद झाली असती. कोर्ट मार्शल झालं असतं, माझं. मी सिग्नलचा शिस्तीचा माणूस होतो. आलेला मेसेज जसाच्या तसा सांगायचा, एवढंच मी शिकलो होतो. तेवढंच केलं.

उन्हाळ्यात त्या तारखेला मी नाचणगावला जातो. कडुनिंबाखाली विहाराच्या ओट्यावर लोक जमतात. मेणबत्त्या लागतात, वंदना होते. सोनबा होते तोवर पुढच्या ओळीत बसायचे. जमादार शिंदे एका डोळ्यानिशी दोनदा साताऱ्याहून आले, तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाचं पत्र आलं. पंचफुला नाव वाचते, दुसऱ्या कोणाला वाचू देत नाही.

पोस्ट सातवर त्या दिवशी आम्ही दहा जण होतो. नऊ जण आपापल्या गावी परतलो. नाईक मोतीराम सोनबा थूल, राहणार नाचणगाव, वय सत्तावीस, परतला नाही. त्या बाईचं नाव आम्ही कोणी विचारलं नाही. फील्ड हॉस्पिटलच्या डॉक्टरनं नंतर कळवलं, ती जगली.